बंदरं गाळली, केबिन भलत्याच मिळाल्या: क्रूझ रद्द करू का?

प्रश्न: मी, माझा नवरा आणि माझे आईवडील अशा चौघांसाठी आम्ही ट्रॅव्हल एजंटकडून सात रात्रींची क्रूझ बुक केली. दोन्ही बाल्कनी केबिन शेजारी-शेजारी आणि आईच्या गुडघ्यांमुळे लिफ्टजवळ हव्यात, असं एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. "होऊन जाईल मॅडम" असं त्याचं उत्तरही आहे. पूर्ण पैसे भरल्यावर केबिन नंबर आले, तर एक सहाव्या डेकवर आणि दुसरी दहाव्या डेकवर, तीही जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. त्यातच कंपनीचा ईमेल आला की पाचपैकी दोन बंदरं गाळली आहेत. आता रद्द केलं तर पाऊण रक्कम कापणार म्हणतात. एजंट म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. कंपनीची हेल्पलाइन म्हणते, एजंटशी बोला. निघायला पाच आठवडे आहेत. रद्द करून पूर्ण पैसे मागावेत का?

उत्तर: ताई, रद्द करत असल्याचा ईमेल अजून गेला नसेल तर पाठवू नका. ठरलेल्या गोष्टी बदलणारी बाजू आज समोरची आहे. तुम्ही स्वतःहून रद्द केलंत की कागदावर माघार घेणाऱ्या तुम्ही ठरता, आणि कंपनीला कपातीचा तक्ता पुढे करण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. तुमचा राग बंदरांवर जास्त दिसतो, पण कायद्यात वजन केबिनच्या तक्रारीला आहे.

क्रूझच्या तिकिटामागे जो लांबलचक करार असतो, त्यात मार्ग बदलण्याचा आणि बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीनं स्वतःकडे राखलेला असतो. तो नुसता कागदावर नसतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक क्रूझ वळवल्या गेल्या, काही रद्द झाल्या. सुरक्षेसाठी कप्तानानं घेतलेल्या निर्णयात कोर्टं सहसा हात घालत नाहीत. पण पाच आठवडे आधी कुणाला वादळ दिसत नाही. त्यामुळे ईमेलमध्ये 'अपरिहार्य कारणास्तव' एवढंच लिहिलं असेल तर नेमकं कारण लेखी मागा. धक्क्यावर जागा मिळाली नाही, हे एक कारण झालं. इंधन वाचवायचं आहे, हे अगदी वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला बोलायला जागा आहे.

गाळलेल्या बंदरांचे कर आणि शुल्क तुमच्या बिलात धरले होते का, ते पाहा आणि परत मागा. कंपन्या ही रक्कम बहुधा जहाजावर खर्च करायच्या क्रेडिटच्या रूपात देतात. मूळ खात्यात हवी असेल तर तसं आत्ताच लिहा. त्या बंदरांवरच्या सहली कंपनीमार्फत घेतल्या असतील तर त्यांचे पैसे सहसा आपोआप परत येतात. बाहेरून घेतल्या असतील तर त्या आजच रद्द करा, त्यांची मुदत क्रूझ कंपनी पाळत बसणार नाही.

"मार्ग बदलला की पूर्ण रिफंड मिळतो" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. ते सर्वस्वी खोटं नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार सहलीच्या मुख्य गोष्टींत मोठा बदल झाला तर ग्राहकाला दंड न भरता करार संपवता येतो. पण हे संरक्षण तिथे विकलेल्या पॅकेजना आहे. जहाज युरोपातल्या बंदरात थांबतं किंवा त्यावर माल्टा या युरोपीय संघातल्या देशाचा झेंडा आहे, एवढ्यानं ते तुमच्या बुकिंगला लागू होत नाही.

आता केबिन. तुमचं मूळ कन्फर्मेशन उघडा आणि केबिन नंबराच्या जागी 'गॅरंटी' किंवा 'जीटीवाय' असं काही छापलंय का पाहा. माझा अंदाज आहे की असेल. गॅरंटी केबिन म्हणजे तुम्ही फक्त प्रकार विकत घेता, उदाहरणार्थ बाल्कनी. कुठली बाल्कनी ते कंपनी नंतर ठरवते, कधी कधी निघायच्या तोंडावर. नंबर निवडून घेतलेल्या केबिनपेक्षा ती सहसा स्वस्त पडते. गॅरंटी या शब्दाला भुलू नका, जागेची गॅरंटी त्यात अजिबात नसते. जोडप्याला किंवा एकट्या माणसाला हा सौदा छान आहे. शेजारच्या केबिन आणि जवळची लिफ्ट हवी असलेल्या कुटुंबाला तो विकणं ही चूक आहे, आणि न सांगता विकणं ही ग्राहक कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधल्या त्रुटीच्या व्याख्येत आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. तुमची गरज एजंटला लेखी माहीत होती. तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू नका.

एजंटकडून कंपनीनं दिलेलं मूळ इन्व्हॉइसही मागा. निवडलेल्या केबिनचे पैसे घेऊन गॅरंटी बुक केली, असं तुमच्या एजंटनं केलं आहे असं मी म्हणत नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ते कळणारही नाही.

"आम्ही फक्त मध्यस्थ" या उत्तरानं दबून जाऊ नका. बिल कुणाच्या नावाचं आहे, पैसे कुणाच्या खात्यात गेले, विमान-हॉटेल जोडून 'आमचं पॅकेज' म्हणून विकलं का, हे पाहिलं जातं. आणि अगदी मध्यस्थ धरला तरी सल्ला त्यानंच दिला होता. हेल्पलाइन टोलवते त्यामागचं कारण साधं आहे: एजंटनं केलेलं बुकिंग कंपनीच्या नोंदीत एजंटच्या ताब्यात असतं, त्यात बदल त्यालाच करावे लागतात. म्हणून दोघांनाही एकाच ईमेलमध्ये ठेवून लिहा, म्हणजे चेंडू इकडून तिकडे जाणार नाही.

तक्रार करायची वेळ आलीच तर दोघांनाही प्रतिपक्ष करा. तिकिटावर परदेशातल्या कोर्टाचं नाव असेल, म्हणजे वाद तिथेच न्यायचा अशी अट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या 'कार्निव्हल विरुद्ध शूट' खटल्यात अशी अट मान्य केली होती. प्रवासी राहणारे वॉशिंग्टन राज्यातले आणि दावा लावायचा फ्लोरिडात. आपल्याकडे ग्राहक कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि कलम १०० मुळे हा मार्ग इतर कायद्यांच्या जोडीला खुला राहतो. परदेशी कंपनी तरीही अटीवर बोट ठेवेल, आणि तिचं इथे कार्यालयच नसेल तर जिंकलेला आदेशही वसूल करणं जिकिरीचं. एजंट इथेच आहे. तुमचा दावा त्याच्यावर जास्त झुकलेला असावा असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण.

पाऊण रकमेच्या कपातीला 'अन्याय्य करार' म्हणून आव्हान देता येतं. नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड कलम २(४६) मध्ये बसतो. मात्र अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात करावी लागते. आईच्या केबिनसाठी ही वाट लांबची आहे. बँकेत कार्डाचा व्यवहार वादात टाकण्याची घाईही नको, कंपनी बुकिंगच गोठवू शकते.

कायद्याआधी एक साधा उपाय करून पाहा. शेवटच्या पेमेंटच्या तारखेनंतरही काही लोक रद्द करतात आणि केबिन सुटतात. क्रूझ कंपन्यांकडे विशेष गरजा असलेल्या प्रवाशांसाठी वेगळा विभाग असतो. आईच्या डॉक्टरांचं पत्र जोडून एजंटला त्या विभागाकडे लेखी विनंती करायला लावा. मागणी मोजकी ठेवा: आईवडिलांची केबिन लिफ्टजवळ आणि तुमची त्याच डेकवर. अगदी शेजारच्याच हव्यात असा हट्ट धरलात तर हे गाडं तिथेच अडेल. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, एजंटविरुद्ध तक्रारही त्याच दिवशी नोंदवा.

केबिन बदलली नाही आणि तरी जायचं ठरवलंत, तर निघण्याआधी दोघांना कळवा की भरपाईचा हक्क राखून आम्ही प्रवास करत आहोत. पहिल्याच दिवशी जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिसेस काउंटरवर लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या, आणि आईला एका केबिनपासून दुसरीपर्यंत किती चालावं लागतं त्याचा व्हिडिओ काढा. आयोगात यायला कलम ६९ नुसार दोन वर्षं मिळतात, पण तिकिटात नोटिशीची त्याहून कमी मुदत लिहिलेली असू शकते. ती पाहून ठेवा आणि नोटीस त्या मुदतीच्या आतच पाठवा.