हिमावर पाऊस पडला, मग रेनडियर उपाशी का?

प्रश्न असा आहे: 'सायबेरियात बर्फावर पाऊस पडल्याने हजारो रेनडियर भुकेने मेले, असं एका बातमीत वाचलं. पाऊस पडला तर बर्फ वितळेल आणि चरायला सोपं जाईल, नाही का? वाक्य चुकलंय की माझी समजूत? आणि इथे बर्फ म्हणायचं की हिम?'

घटना खरी आहे. घोटाळा केलाय तो 'बर्फ' या एका शब्दाने. पाऊस ज्याच्यावर पडला ते हिम. जनावरं ज्याच्यामुळे मेली तो बर्फ. मराठी वाक्यात दोन्ही एकाच नावाने आले, त्यामुळे कार्यकारण उलटं वाटतं.

फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडणारं भुसभुशीत हिमच. घट्ट गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. आपल्याकडे शब्द आला, पण हिम काही पडलं नाही. एकोणिसाव्या शतकात बोस्टनहून जहाजाने मुंबईत यायच्या त्या लाद्या, पुढे कारखान्यातल्या लाद्या, मग गोळा आणि फ्रिजमधले ट्रे. म्हणून मराठी कानाला बर्फ म्हणजे आधी कडक वस्तू वाटते, आणि सिमल्याची सहल निघाली की तोच शब्द मऊ होतो. (महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दर थंडीत 'हिमकण' पडल्याच्या बातम्या येतात, तेही पडलेलं हिम नसतं. ते गोठलेलं दव, म्हणजे दहिवर. इतका नेमका शब्द घरात असताना तो वापरत नाही, याचं वाईट वाटतं.)

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांबद्दल लिहिताना मी एवढंच पथ्य पाळायला सांगेन: पडतं, साचतं, उडतं ते हिम; पाणी गोठून होतो तो बर्फ. समुद्राच्या पाण्याचा गोठून झालेला तो समुद्रबर्फ. 'हिमनग' हा या नियमाला अपवाद आहे, पण तो इतका रुळलाय की त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पाऊस पडला तरी हिम वितळत का नाही, ते पाहू. एक चौरस मीटर जमिनीवर १०० किलो हिम आहे, म्हणजे साधारण हातभर थर, आणि त्याचं तापमान उणे १० अंश आहे असं धरा. त्यावर २ अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १० लिटर पाणी. या पाण्यातली सगळी ऊब वापरली तरी त्यातून जेमतेम पाव किलो हिम वितळतं. उलट त्या थंडगार थराला शून्य अंशावर यायला जेवढी उष्णता हवी, तेवढी द्यायला सहा लिटरच्या वर पाणी गोठावं लागतं. उरलेलं पाणी झिरपत खाली जातं, खालची जमीन आधीच गोठलेली असते, तिथे ते थांबतं आणि बर्फ होतं. वितळवणारी असते ती पावसासोबतची उबदार, दमट, वाऱ्याची हवा; ती दिवसभरच राहिली आणि मागोमाग थंडी परतली, तर हिम कमी होण्याऐवजी त्याच्या तळाशी बर्फाचा पत्रा बसतो.

या पत्र्याला मी 'खरवड' म्हणेन. दूध आटवताना पातेल्याच्या तळाला लागते तशीच ही जमिनीला चिकटलेली असते, आणि खुरानेही सुटत नाही. वरच्या पृष्ठभागावर जमते ती 'खपली'. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्या दोन थरांचे परिणाम अगदी उलटे आहेत.

बातमीतली घटना बहुधा यमाल द्वीपकल्पावरची आहे, पश्चिम सायबेरियातली, नेनेत्स पशुपालकांच्या मुलखातली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे असा पाऊस झाला, पाठोपाठ कडाका पडला आणि खरवड वसंतापर्यंत टिकली. त्या भागातल्या सुमारे पावणेतीन लाख रेनडियरपैकी ६१ हजार दगावले. त्याआधी नोव्हेंबर २००६ मध्ये अशाच प्रकारात सुमारे २० हजार गेले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या दोन्ही घटनांचा संबंध बॅरंट्स आणि कारा समुद्रांवर त्या काळात समुद्रबर्फ कमी असण्याशी जोडला: पाणी उघडं राहिलं की हवेत बाष्प जातं, आणि हिम पडायच्या दिवसांत पाऊस पडतो. उत्तर ध्रुवीय प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय, तेव्हा या पावसाला अपघात म्हणून सोडून देता येत नाही.

अशा बातमीत वाक्य असं हवं होतं: 'साचलेल्या हिमावर पाऊस पडला, ते पाणी तळाशी गोठलं आणि चारा बर्फाखाली बंद झाला.'

ज्यांचं पोट यावर आहे त्यांची भाषा हे कसं सांगते, ते पाहण्यासारखं आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि कोला द्वीपकल्पातल्या सामी लोकांच्या उत्तर सामी बोलीत हिम म्हणजे 'मुओहता' (उच्चार देवनागरीत जवळपासचेच बसतात). थराच्या तळाशी साखरेसारखे सुटे, भरड दाणे होतात ते 'सेआङाश'. जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा गोठवणारी असली, की वाफ खालून वर सरकते आणि तळाचे कण मोठे, सुटे होतात. पशुपालकाला हवं असतं ते हेच: पाय मारला की बाजूला सरतं, आणि वितळवून पाणीही चांगलं मिळतं. वाऱ्याने दाबून घट्ट झालेलं 'चेआर्गा' खणायला जड. आणि चाऱ्यावर बसलेला बर्फ तो 'चुओहकी', म्हणजे आपली खरवड. सुट्या हिमातून रेनडियरला खालच्या चाऱ्याचा वास येतो, म्हणून कुठे खणायचं ते त्याला कळतं. चुओहकी झाली की वासही बंद. जनावर तिथे खणतच नाही, कळप विखुरतो.

या सगळ्यावरचा शब्द 'ग्वोहतुन'. चारा आहे एवढंच नाही, तर तो हिमाखालून जनावराच्या तोंडी लागण्याजोगा आहे का, हे त्यात येतं. मराठीत 'चराई' म्हटलं तर अर्धा अर्थ सुटतो. 'चरण्याजोगी स्थिती' लांबलचक आहे, पण बरोबर आहे.

आणि खपली? तिला 'त्सुओङू' म्हणतात, आणि ती हवीहवीशी असते. एप्रिलच्या सुमारास दिवसा हिम वरून पाझरतं, रात्री गोठतं, आणि माणूस, गाडी, कळप पेलणारी कडक पाठ तयार होते. गाभण माद्यांना विण्याच्या रानाकडे न्यायचं ते याच पाठीवरून, रात्री किंवा पहाटे. रात्री पुरेशा थंड झाल्या नाहीत तर खपली धरत नाही. माद्या पोटापर्यंत रुततात, दमतात आणि वाटेतच वितात. म्हणजे गोठणं नोव्हेंबरात तळाशी झालं तर घात, एप्रिलमध्ये वर झालं नाही तरी घात. 'बर्फ वाढला', 'बर्फ घटला' अशी मोघम वाक्यं म्हणूनच टाळावीत. बर्फ कुठे आणि कधी, हे आलंच पाहिजे.

शेवटचा खुलासा चाऱ्याबद्दल, कारण अनुवादांत इथेही चूक होते. रेनडियरचा हिवाळी चारा म्हणजे 'शेवाळ' नव्हे. ते शैवाक, गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या वर्गातलं, त्याच वर्गातली पण वेगळी, जमिनीवर झुपक्यांनी वाढणारी जात. ती वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, त्यामुळे एकदा ओरबाडलेलं रान भरून यायला दशकं लागतात. खरवड बसली की पशुपालक गोळीपेंड किंवा वाळलेलं गवत आणतात, पण शैवाकाला सरावलेलं पोट ते एकदम स्वीकारत नाही. उपाशी जनावरापुढे एकाएकी पेंड ओतली, तर पोटात आम्ल वाढून ते भरल्या पोटी मरतं. आधी थोडं शैवाक, त्यात थोडी पेंड, आणि आठवडा-दोन आठवड्यांत प्रमाण वाढवत न्यायचं. कुंपणात दाटीने ठेवलं तर डोळ्यांचा संसर्ग पसरतो, तो वेगळाच.