सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्या

प्रश्न : ताई, वय ४६, नोकरीनिमित्त साउदॅम्प्टनला असतो. गेल्या उन्हाळ्यात आरवायएचं (ब्रिटनची नौकानयन संस्था) 'डे स्किपर' हे सुरुवातीचं प्रमाणपत्र झालं. आता शिडाच्या बोटीवर त्याच्या बऱ्याच वरची परीक्षा देऊन 'यॉटमास्टर ऑफशोअर' व्हायचंय. तीन-चार महिन्यांचा सलग कोर्स करू, की सुट्ट्यांमध्ये जमेल तसं? बायको म्हणते, पैसे समुद्रात बुडवू नका.

उत्तर : वहिनींचं निम्मं बरोबर आहे. या परीक्षेला कोर्सची अट नाहीच. अट आहे ती मैलांची. गेल्या १० वर्षांत समुद्रावर ५० दिवस आणि २५०० सागरी मैल, त्यातले निम्मे भरती-ओहोटीच्या पाण्यात. ६० मैलांवरच्या ५ सफरी, त्यांतल्या २ रात्रभराच्या आणि २ तुम्ही स्वतः स्किपर, म्हणजे बोटीचे कप्तान, म्हणून केलेल्या. शिवाय रेडिओचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र.

सलग कोर्समध्ये मैल भरतात, पण शेजारी शिक्षक बसलेला असतो. चूक व्हायच्या आत तो खाकरतो! मी तसाच कोर्स केला आणि पहिल्या खेपेला नापास झाले.

परीक्षकांनी मला खाली नकाशाच्या टेबलाशी बसवलं. बाहेर बघायचं नाही, वरून मंडळी पाण्याची खोली ओरडून सांगणार, त्यावर बोट न्यायची. नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीची असते; त्यातली ५ मीटरची रेघ धरून जायचं ठरवलं. वरून 'पाच' ऐकू आलं, मी खूश. भरतीचं ३ मीटर पाणी त्यातून वजा करायचं साफ विसरले. म्हणजे आम्ही २ मीटरच्या रेघेवर, चिखलाच्या दिशेने. माहेर अलिबागचं, तिथी सांगा, उधाण की भांग ते सांगते, आणि ही गत. तेवढ्याने कदाचित निभावलंही असतं. पण घाबरून वर धावले आणि सुकाणू धरलेल्या पोराच्या हातातून ते हिसकावलं. तिथे बुडाले. स्किपरने डोकं चालवायचं, हात इतरांचे.

म्हणून सुट्ट्यांमध्येच करा. मित्रांबरोबर बोट भाड्याने घ्या, सुकाणू त्यांना द्या, भरतीचं गणित तुम्ही मांडा. खाडीपलीकडच्या फ्रान्समधल्या चेरबुर्ग बंदराची एक जाऊन-येऊन फेरी केलीत की ६० च्या वरच्या दोन सफरी होतात, मोठ्या जहाजांच्या वाटेतून रात्री कसं जायचं तेही कळतं.

वहिनींना मात्र पहिल्याच सफरीला नेऊ नका. आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपाशी ओहोटी आणि नैऋत्येचा वारा समोरासमोर आले, तर उरलेले मैल तुम्हाला एकट्यालाच करावे लागतील.