नळावरची वही

प्रश्न : मी एका छोट्या साप्ताहिकासाठी माझ्याच वस्तीच्या बातम्या लिहिते. नळाच्या पाण्याला वास येतो, असं बायका सांगतात. अधिकारी म्हणतात, अहवालात सगळं ठीक आहे. संपादक विचारतात, पुरावा कुठाय? लोकांचं सांगणं पुरावा म्हणून कसं मांडू?
— एक बातमीदार

उत्तर : ताई, नुसतं सांगणं हा पुरावा नव्हे, हे संपादकांचं म्हणणं बरोबर आहे. पण पुराव्याचा माग तिथूनच लागतो. वस्तीत जायचं, दोन बाईट घ्यायचे आणि उत्तरासाठी कचेरी गाठायची, अशी रीत पडून गेली आहे. लोकांच्या वाट्याला फक्त गाऱ्हाणं येतं, शोधाचं काम त्यांच्याकडे कोणी सोपवतच नाही. याची मला फार चीड येते.

अमेरिकेतलं फ्लिंट शहर घ्या. 2014 च्या एप्रिलमध्ये तिथे डेट्रॉइटकडच्या पाण्याऐवजी नदीचं पाणी नळाला आलं. रंग, वास, अंगावर पुरळ, लोक सांगत राहिले; कचेऱ्या 'पाणी सुरक्षित' म्हणत राहिल्या. 2015 मध्ये रहिवासी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे संशोधक आणि एका नागरी हक्क संस्थेचा शोधपत्रकार एकत्र आले. पाण्यात शिसं आहे का, हे तपासायला अडीचशेहून अधिक घरांतून नमुने गोळा झाले. यातली बारकाई पाहा. पाणी जुन्या नळ्यांत साचून राहिलं की शिसं त्यात उतरतं. म्हणून किमान सहा तास नळ बंद ठेवून पहिलीच धार बाटलीत घ्यायची. सरकारी सूचनेत मात्र नळ असा बंद ठेवण्याआधी तो काही मिनिटं वाहू द्यायला सांगितलं होतं, आणि त्याने शिशाचा आकडा कमी दिसतो. नळ खरोखर किती तास बंद होता, हे प्रयोगशाळेला कळत नाही. ते घरातल्या माणसालाच ठाऊक. त्याच ऑक्टोबरात शहराला पुन्हा डेट्रॉइटकडचं पाणी मिळू लागलं.

तेव्हा तुम्हीही आधी बायकांबरोबर बसून प्रश्न ठरवा. वास सकाळीच येतो की दिवसभर? पहिल्या धारेला की शेवटपर्यंत? उकळल्यावर जातो का? यातले निम्मे प्रश्न तुम्हाला सुचणार नाहीत, त्यांना सुचतील. मग एक वही घाला. नोंद ज्या त्या घराने करायची, वास नव्हता त्या दिवसाचीसुद्धा. फक्त सोयीच्या नोंदी असलेली वही कोणीही पाच मिनिटांत मोडीत काढेल.

छापण्याआधी मजकूर वस्तीत वाचून दाखवा. संमतीचा शिक्का मारायला नाही, चुका पकडायला. मतभेद निघाले तर तेही छापा. नाव द्यायचं की नाही, हे जिचं तिला ठरवू द्या. त्रास तिलाच होणार असतो. आणि बातमीची भाषा त्यांची ठेवा. 2002 मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र सुरू झालं, ते ग्रामीण बायकांनी बुंदेलीत काढलं. आपल्या बोलीतली बातमी असली, की 'हे असं नव्हतं झालं' म्हणायला माणूस कचरत नाही.

अधिकाऱ्यांकडे मात्र 'ठीक आहे' एवढ्यावर थांबू नका. अहवालाची प्रत मागा. नमुना कुठल्या नळाचा, किती वाजता घेतला, हे वहीशी ताडून पाहा. प्रत द्यायला टाळाटाळ झाली, तर तीही तारीखवार लिहून ठेवा आणि छापा.