मालक असताना नोकरी

प्रिय बाळा,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. टेम्पो दोन, त्यातला एक अजून हप्त्यावर, आणि त्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी नोकरी देऊ केलीय. एवढं सांगायला एक मिनिट पुरलं असतं रे, बाकीची सहा मिनिटं 'मालक माणूस दुसऱ्याच्या हाताखाली कसा जाणार' यातच गेली. मेहनत कर वगैरे तुला सांगायची गरज नाही, ते सोडूनच देतो.

जा. नोकरीला जा.

व्हँडरबिल्ट माहितीये ना, अमेरिकेतला? रेल्वेचा राजा म्हणून सगळे ओळखतात, पण मला त्याची वेगळीच गोष्ट आवडते. सोळाव्या वर्षी आईकडून शंभर डॉलर उसने घेऊन शिडाची होडी घेतली, स्टेटन आयलंड ते न्यूयॉर्क माणसं नि माल न्यायला लागला. १८१७ पर्यंत वय तेवीस आणि स्वतःची गलबतं. आणि हा बाबा काय करतो, तर गिबन्स नावाच्या एका म्हाताऱ्याच्या आगबोटीवर पगारी कॅप्टन म्हणून जातो! का, तर शिडाचे दिवस भरत आलेत हे त्याला दिसलं होतं आणि वाफेचं त्याला काही येत नव्हतं. बस.

आणि नुसतं इंजिन नाही शिकला. तेव्हा न्यूयॉर्कच्या पाण्यात आगबोट चालवायचा मक्ता एकाच कंपनीकडे, गिबन्स तो मोडायला निघालेला, म्हणजे याने पकडायला आलेल्या सरकारी माणसांना चुकवून बोट हाकायची, तिकीट किती ठेवायचं ते बघायचं, कोर्टकचेऱ्या बघायच्या. १८२४ ला सुप्रीम कोर्टाने मक्ता उडवला. व्हँडरबिल्टची बायको धक्क्याजवळ उतारूंसाठी खाणावळ चालवायची. असं अकरा-बारा वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर काढली आणि १८२९ च्या सुमारास स्वतःच्या आगबोटी काढल्या, मग भाडी अशी पाडली की समोरच्यांनी पैसे देऊन त्याला हडसन नदीवरून घालवला. फुकट शिकला नाही, लोकाच्या पैशाने शिकला. कळतंय का मी काय म्हणतोय?

रेल्वेचंही तसंच. १८३३ ला आगगाडीचा आस तुटून बरगड्या मोडल्या त्याच्या, दुसरा असता तर रुळाकडे बघितलं नसतं. पण बोस्टनची गाडी स्टोनिंग्टन बंदराला येऊन उतारू बोटीत बसायचे ना, त्या लाइनीत शिरला, आतून बघितलं. सत्तरीला आला तेव्हा बोटी सोडून पूर्ण रेल्वेत उतरला, १८६७ ला न्यूयॉर्क सेंट्रल त्याच्या हातात. माणूस म्हणून गोड नव्हता हां, मरताना जवळपास सगळं एकाच मुलाला देऊन गेला, पोरींच्या हातावर तुकडे. ते घेऊ नकोस त्याच्याकडून.

आता माझं ऐक. तुझ्या बाबांना माहितीये, तुला नसेल. माझे दोन ट्रक होते, सीझनला रत्नागिरीहून वाशीला हापूसच्या पेट्या, एरवी गोव्याला किराणा. पुढच्या काचेवर लाल पिवळ्या अक्षरात आईचं नाव, पेंटरने 'ई' ची वेलांटी बाहेर काढली म्हणून दोनदा पुसून घेतलेलं. पेटी पेंढ्यात कशी रचायची, कशेडी घाटात कुठल्या वळणावर गिअर टाकायचा, सगळं पाठ. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, पुढच्याच वर्षी कोलाडला आख्खे ट्रक वॅगनवर चढवून गोव्याला न्यायला लागले. आम्ही टपरीवर बसून हसलो. तेव्हाच एका ओळखीच्याने बोलावलं होतं, माझ्या ऑफिसात सहा महिने बस, रेल्वेचं बुकिंग, रेक म्हणजे आख्खी मालगाडी, डेमरेज म्हणजे वॅगन वेळेत रिकामी केली नाही तर बसणारा दंड, सगळं शिक, पगार देतो. मी म्हटलं, मी मालक आहे. असं तोंडावर.

आई आजारी होती तेव्हा, हप्ते होते, ट्रक उभा ठेवला असता तर ड्रायव्हर पळाले असते... ही सगळी कारणं खरी आहेत, आजही खरीच वाटतात. पण खरं कारण ती वेलांटी, आणि २००६ ला दोन्ही ट्रक विकताना गिऱ्हाइकाने पहिली तीच खरवडून काढली.

म्हणून परत परत सांगतो, दुसऱ्याच्या बोटीवर चढ. मालकी कुठे पळून जात नाही. तापमानाचे रेकॉर्ड, रिटर्न लोड म्हणजे परतीच्या फेरीचा माल, पार्टीचे पैसे कधी कसे अडकतात, हे तुझ्या टेम्पोत बसून दहा वर्षांत कळणार नाही ते तिथे दोन वर्षांत कळेल. आणि काका स्वतः नाही गेले मग मला का सांगतात असं म्हणू नकोस, म्हणूनच तर सांगतोय!

हप्त्यावरचा टेम्पो चुलत भावाला चालवायला दे, पण लेखी. आणि रविवारी येताना ऑफर लेटर आण, नोटीस पिरियड किती लिहिलाय आणि सोडल्यावर स्वतःचा धंदा करायला काही अट घातलीय का, ते मला बघायचंय.

तुझा काका