मलेशियात, मलाक्काला खाल्लेलं रेंदांग (नारळाच्या दुधात आटवून सुकं केलेलं मटण) आणि लाक्सा (शेवयांचा रस्सा) घरी करून पाहिलं. दोन्हींत नारळाचं दूध फाटलं आणि चव आपल्या मालवणी रश्श्यासारखीच आली. कुठे चुकतंय?

लाक्साचं दूध फाटलं ही चूकच. रेंदांगचं फाटलं ते बरंच झालं, ते फाटायलाच हवं. तुम्ही बहुधा घाबरून तिथेच गॅस बंद केलात, म्हणजे खरा पदार्थ सुरू होण्याआधीच.

आधी चवीचं बोलू. मी सिंगापुरात राहते. आमच्याच मजल्यावर एक मलय मकचिक आहेत (वयाने मोठ्या बाईला इथे सगळे अशीच हाक मारतात), त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी हे बघत आले आहे. आपण कांदा-खोबरं भाजून मग वाटतो. मलय आणि पेरानाकान (चिनी-मलय मिश्र) घरांत आधी सगळं कच्चंच वाटतात आणि मग ते वाटण तेलात परततात. तुम्ही नेहमीच्या सवयीने भाजलेलं वाटण केलंत, वर गरम मसाला घातलात, तर रस्सा मालवणीच होणार, त्याला तरी दुसरं काय सुचणार!

या कच्च्या वाटणाला रेम्पाह म्हणतात. छोटे मद्रासी कांदे, लसूण, आलं, गलांगल (आल्यासारखाच एक कंद), ओली हळद, भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि गवती चहा. गवती चहाची पात नाही हं, ती आपण चहात टाकतो. इथे बुडाचा पांढरा, कोवळा चार बोटं भाग घेतात आणि बारीक चिरूनच वाटतात, नाहीतर दोरे दाताखाली येतात. एक किलो मटणाला पाव किलो तरी कांदे आणि पंधरा-वीस मिरच्या धरा.

आता परतणं. तेल अर्धी वाटी लागेल, हात आखडू नका. वाटण पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं ते नुसतं फदफदतं, शिंतोडे उडतात, कच्च्या कांद्याने डोळे झोंबतात. मंद आच ठेवून ढवळत राहायचं. हळूहळू फदफद थांबते, वाटण आक्रसून गोळा व्हायला लागतं, रंग शेंदरीवरून विटकरी होतो आणि कडेने लाल तेल दिसू लागतं. यालाच ते पचाह मिन्याक म्हणतात, आपल्या भाषेत तेल सुटणं. वीसेक मिनिटं सहज जातात. मकचिक घड्याळ बघत नाहीत, वास बदलला की मान हलवतात. कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडसर वास यायला हवा. त्याआधी दूध ओतलंत तर तो कच्चटपणा शेवटपर्यंत जात नाही, मग वरून काहीही घाला.

अख्ख्या मसाल्यांत दालचिनी, लवंग, वेलची आणि चक्रीफूल. या चौघांना मलयमध्ये चार भावंडं म्हणतात. ती तेलात आधी जातात. धणे-जिरे पूड चालते, पण गरम मसाला रेंदांगमध्ये नको.

मग मटण, आणि त्यावर साधारण लिटरभर नारळाचं दूध. झाकण न ठेवता मंद आचेवर अडीच-तीन तास. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचं काम त्यातली प्रथिनं करतात. उष्णतेने ती आकसली की तेल मोकळं होतं. लाक्सात हे नको असतं, रेंदांगमध्ये त्याचीच वाट बघायची असते. पाणी आटत जातं, उरलेल्या तेलात मटण आणि मसाला दुसऱ्यांदा परतले जातात आणि तो गडद तपकिरी रंग येतो. इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांकडे, जिथून हा पदार्थ आला, पातळ असेल तर गुलाई, अर्धवट आटलं की कालिओ आणि पार सुकलं की रेंदांग. तुम्ही गुलाईवर थांबलात.

शेवटच्या अर्ध्या तासात केरिसिक. खवलेला ओला नारळ कोरडाच, मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायचा आणि गरम असतानाच खलबत्त्यात कुटायचा. आधी भुसा होतो, मग अचानक तेल सुटून चकचकीत लगदा बनतो. चार-पाच चमचे पुरतात. सोबत गूळ, दोन-तीन लिमाव पुरुत लिंबाची पानं, आणि हळदीचं पान दोऱ्यासारखं बारीक चिरून. पातोळ्यांसाठी आणतो तेच पान, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात तुम्हाला हे पुण्यातही मिळेल. आंबटपणासाठी इथे आसाम कपिंग नावाच्या सुकवलेल्या चकत्या घालतात. ते फळ आपल्या कोकमाचं भावकीतलं आहे. मला विचाराल तर कोकमापेक्षा थोडी चिंच बरी, रंग बिघडत नाही.

जाता जाता: 2018 साली ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये परीक्षकांनी चिकन रेंदांगची साल कुरकुरीत नाही म्हणून नाक मुरडलं होतं. मलेशियापासून इंडोनेशियापर्यंत लोक भडकले. दुधात शिजलेल्या कोंबडीची साल कुरकुरीत होईलच कशी?

आता लाक्सा. तुम्ही मलाक्कात खाल्लात तो न्योन्या लाक्सा, म्हणजे पेरानाकान घरांतला. व्यापाराला आलेले चिनी लोक मलाक्का, पेनांग, सिंगापूरला स्थायिक झाले, स्थानिक बायकांशी लग्नं केली. त्या घरांचा हा स्वयंपाक, त्यामुळे रेम्पाह मलय आणि शेवया चिनी. यात रेम्पाहमध्ये भिजवलेली सुकी कोलंबी आणि बलाचान हवंच. बलाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोलंबी मिठात आंबवून, वाळवून केलेली वडी. ती आधी कोरडी भाजून घ्यायची.

तेल सुटलं की कोलंबीच्या डोक्यांचं पाणी आणि पातळ दूध घालून उकळी काढा. जाडं दूध अगदी शेवटी, आच कमी करून. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. चिंच-लिंबू पातेल्यात अजिबात घालू नका, आंबटाने दूध लगेच नासतं. डब्यातल्या दुधात बहुतेक वेळा ते न फुटण्यासाठी पदार्थ मिसळलेले असतात, म्हणून लाक्साला ते सोयीचं पडतं. रेंदांगला मात्र ताजा नारळच काढा, डब्यातल्या दुधाला तेल सुटायला फार वेळ लागतो.

पेनांगचा आसाम लाक्सा यापेक्षा अगदी वेगळा. त्यात नारळाचं दूध नसतंच, चिंच आणि मासा असतो. इंटरनेटवर कृती शोधताना हे बघून घ्या, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल.

लाक्साची तयार पेस्ट मिळते, आठवड्याच्या धावपळीत ती वापरायला माझी काही हरकत नाही. रेंदांगची पेस्ट मात्र मी आणत नाही. तीन तास पातेल्याशी उभं राहायचंच आहे, तर वीस मिनिटांचं वाटण वाचवून काय मिळवायचं? आणि बलाचान भाजताना खिडक्या उघड्या ठेवा, सोसायटीत शाकाहारी शेजारी असतील तर आधी सांगून ठेवलेलं बरं.