पीएस थ्रीला बाहेरची डिस्क का दिसत नाही?

प्रश्न : ताई, माझ्या मेव्हण्यानं नवा कन्सोल घेतला आणि त्याचा जुना पीएस थ्री स्लिम (सोनीचा प्लेस्टेशन ३, टीव्हीला लावून गेम खेळायचा) आमच्या चिरंजीवांना दिला. आत १२० जीबीची डिस्क आहे. नवीन गेम टाकायचा म्हटलं की आधी जुना काढावा लागतो. म्हणून २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणून यूएसबीला लावली, तर कन्सोलला ती दिसतच नाही. लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. दुकानदार म्हणतो डिस्क चांगली आहे, परत घेणार नाही. पोरगं रोज डोकं खातंय. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुकानदाराचं बरोबर आहे. डिस्क चांगलीच आहे, फक्त तुमच्या कन्सोलला तिची भाषा कळत नाही. नवीन पोर्टेबल डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट होऊन येते. पीएस थ्री बाहेरून लावलेली डिस्क वाचतो ती फक्त फॅट ३२ मधली. तुम्ही लॅपटॉपवर राइट क्लिक करून फॉरमॅटला गेला असाल, तर तिथे फॅट ३२ चा पर्यायच दिसला नसेल. विंडोजची ती खिडकी ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कला तो पर्याय देत नाही. त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं, फुकट मिळतं. डिस्कचे भाग पाडायच्या (पार्टिशनच्या) दोन पद्धती असतात, जीपीटी आणि एमबीआर; इथे जीपीटी नको, एमबीआर पाहिजे, तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं, हे सांगायला नको.

एवढं करून डिस्क दिसली, तरी गेमची अडचण तशीच राहणार. बाहेरच्या डिस्कला पीएस थ्री ओसरीवर बसवतो, माजघरात घेत नाही. तिच्यावरून सिनेमा बघा, गाणी ऐका, फोटो बघा, बॅकअप ठेवा; गेम मात्र आतल्याच डिस्कवर इन्स्टॉल होतो. सिनेमालाही फॅट ३२ ची अट आहे, एक फाइल ४ जीबीच्या आतली हवी. (फाइल टाकूनही यादी रिकामी दिसली तर डिस्कच्या चिन्हावर कंट्रोलरचं त्रिकोणाचं बटण दाबून ‘डिस्प्ले ऑल’ घ्या. या एका बटणापायी लोक माझ्याकडे कन्सोल पिशवीत घालून घेऊन आलेत.)

तेव्हा गेमसाठी आतलीच डिस्क बदला. घाबरू नका, बनवणाऱ्यांनी ती बदलता यावी अशीच बसवली आहे. लॅपटॉपमध्ये असते तीच अडीच इंची साटा (आतली डिस्क जोडायचा जोड) डिस्क लागते, जाडी साडेनऊ मिलिमीटर किंवा कमी. ५०० जीबी भरपूर झाली, १ टीबी म्हणजे चैन. एसएसडी बसते, पण कन्सोलचं साटा जुन्या, धिम्या पिढीचं असल्यामुळे तिचा खरा वेग मिळत नाही, पैसे वाचवा. तुमच्या २ टीबीच्या डिस्कचं कवच फोडून ती आत घालायचा विचार मनात आला असेल, तर सोडून द्या. अशा कित्येक पोर्टेबल डिस्कना यूएसबीचं तोंड थेट सर्किटवरच डाखलेलं असतं, आत साटा जोड नसतोच.

आता माझा मूर्खपणा ऐका. २०१३ साली भाच्याचा पीएस थ्री माझ्याकडे आला होता. मी मोठ्या ऐटीत बॅकअप न घेता डिस्क काढली. म्हटलं, कॉम्प्युटरला लावू आणि कॉपी करू. विंडोजनं विचारलं, ‘डिस्क इनिशियलाइझ करू का?’ मी ‘हो’ म्हटलं. पीएस थ्री आपली डिस्क स्वतःच्या किल्लीनं कुलूपबंद करतो, त्यामुळे कॉम्प्युटरला ती कोरी, अनोळखी वाटते. आणि मी तिच्या पहिल्याच पानावर कॉम्प्युटरला लिहू दिलं होतं. परत बसवली तेव्हा कन्सोल एकच म्हणे, फॉरमॅट करा. दोन वर्षांचे सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला होता त्याच्या नोंदी, गेले. भाचा दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

म्हणून आधी बॅकअप. फॅट ३२ केलेली तुमची २ टीबीची डिस्क इथे कामाला येते, वाया गेली नाही. सेटिंग्ज, सिस्टिम सेटिंग्ज, बॅकअप युटिलिटी. रात्री लावून झोपा, तासन्‌तास लागतात. गेममध्ये मिळवलेल्या ट्रॉफ्या असतील तर त्याआधी नेटला जोडून सिंक करा.

डिस्क काढायची ती वायर उपटून, कन्सोल पूर्ण बंद असताना. तळाशी एक मोठा स्क्रू आहे, डोक्यावर त्रिकोण-वर्तुळ-फुली-चौकोन कोरलेला. बरोबर मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर घ्या, दाबून धरून फिरवा. लहान घेतलात तर खाचा झिजतील. मग पुढचं झाकण सरकतं, आतली पत्र्याची कडी धरून ओढली की डिस्क चौकटीसकट बाहेर येते. चार स्क्रू सोडवून नवी डिस्क त्याच चौकटीत बसवा.

नवी डिस्क कोरी असल्यामुळे कन्सोल चालू होताच सिस्टिम सॉफ्टवेअर मागेल. ते कंपनीच्या साइटवरून उतरवून फॅट ३२ च्या पेन ड्राइव्हवर तयार ठेवा: ‘पीएस३’ नावाचं फोल्डर, त्यात ‘अपडेट’ नावाचं फोल्डर, त्यात ती फाइल. दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात एक आकडा चिकटवतो, तो काढा, नाहीतर कन्सोल ‘फाइल नाही’ म्हणून हटून बसेल. मग पडद्यावर सांगेल तेव्हा स्टार्ट आणि सिलेक्ट एकदम दाबायचं. सॉफ्टवेअर चढलं की त्याच बॅकअप युटिलिटीतून रिस्टोअर करा.

पोर्टेबल डिस्क लावल्यावर टकटक आवाज येऊन बंद पडत असेल, तर यूएसबीची वीज पुरत नाहीये. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब मध्ये लावा.

काढलेली १२० जीबीची डिस्क महिनाभर तरी कपाटात जपून ठेवा. रिस्टोअर फसलं तर तीच परत बसवा, कन्सोल होता तसा सुरू होईल. तोवर ती कोणी लॅपटॉपला लावणार नाही एवढं बघा. तुमच्या मेव्हण्यालाही सांगा.