रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हा थकवा मनाचाच समजायचा का?

‘तपासण्या ठीक आल्या की डॉक्टर टेन्शन घेऊ नका म्हणतात, ॲड्रिनल ग्रंथीचाही विचार करा, असे त्यांना सांगायचे कसे?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ॲड्रिनल म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या, कॉर्टिसॉलसारखी आवश्यक संप्रेरके बनवणाऱ्या छोट्या ग्रंथी.

यावल तालुक्यात केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका ताईंना नैराश्य समजून माझ्याकडे पाठवण्यात आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). वजन घटलेले, उठून उभे राहताच भोवळ, अन्नावरची वासना उडालेली. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर मात्र ठीक. मन उदास होतेच, परंतु सोबत आलेल्या जाऊबाईंनी तक्रारीच्या सुरात सांगितले की, ह्या कळण्याच्या भाकरीवरही वरून मीठ घेतात, कधी नुसतेच चाटतात. रंग काळवंडला तो उन्हाने, असे घरच्यांप्रमाणे डॉक्टरांनाही वाटले होते. पण तळहाताच्या रेषा आणि हिरड्याही काळ्या पडल्या होत्या, आणि हिरड्यांना ऊन लागत नाही.

निदान करणे हे माझे काम नव्हे, तरी नैराश्याचा शिक्का बसला म्हणून शरीराचा शोध थांबावा, हे मला मान्य नाही. ‘मला ॲड्रिनलचा आजार आहे’ असे त्यांनी म्हणावे, असे मी सुचवले नाही, कारण तयार निदान ऐकले की डॉक्टरांचे लक्ष लक्षणांवरून उडते. त्याऐवजी आम्ही एका पानावर महिनावार वजन, उपकेंद्रातील नर्सबाईंनी आडवे असताना व उभे राहिल्यावर मोजलेला रक्तदाब, मिठाची ओढ आणि लग्नाआधी झालेला क्षयरोग एवढेच लिहिले. ॲडिसनच्या आजाराचे, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचे, वर्णन १८५५ मध्ये झाले तेव्हा क्षयरोग हे त्याचे ठळक कारण होते आणि आपल्याकडे ते आजही महत्त्वाचे आहे. तरीही ही गोष्ट त्यांना कोणी विचारलीच नव्हती. पानाच्या शेवटी प्रश्न होता: ‘सोडियम, पोटॅशियम आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासता येईल का, आणि गरज नसेल तर कशामुळे?’

जळगावच्या फिजिशियननी ते पान वाचून आधी हिरड्या पाहिल्या. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि कॉर्टिसॉल फारच कमी निघाले. पुढे ॲड्रिनलला चालना देणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन केलेल्या चाचणीने ॲडिसनचे निदान पक्के झाले.

गुडघेदुखी किंवा दम्यासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतले असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये. त्याने ग्रंथी मंदावते आणि कॉर्टिसॉलचा रिपोर्टही फसवा येऊ शकतो. मात्र त्या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. तपासण्या खरोखर निर्दोष आल्या, तर ‘ॲड्रिनल थकवा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्यांवर पैसे घालवू नयेत, कारण वैद्यकशास्त्र असा आजार मानत नाही.

ताईंना आता कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन रोज आणि कायमचे घ्यावे लागते. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवावा लागतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर इंजेक्शनसाठी तत्काळ दवाखाना गाठावा लागतो; ती वेळ आली तर घरातल्यांना हे ठाऊक असावे, म्हणून पुढच्या भेटीला मी त्यांच्या पतीलाही बोलावून घेतले.